फर्डिनांड द लेसेप्स : सुएझचे यश आणि पनामाची किंमत

युरोप आणि आशिया यांच्यातील सागरी अंतर हजारो किलोमीटरने कमी करणाऱ्या सुएझ कालव्याचे प्रवर्तक म्हणून फ्रान्सचे फर्डिनांड द लेसेप्स यांचे नाव जगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. मात्र लेसेप्स हे अभियंता नव्हते, सावकार नव्हते आणि व्यापारीही नव्हते. वयाच्या पन्नाशीपर्यंत कोणत्याही उद्योगाशी त्यांचा संबंध आला नव्हता. राजनैतिक सेवेत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या घराण्याचा वारसा, त्यातून लाभलेल्या ओळखी आणि सामान्य माणसाचा विश्वास संपादन करण्याची विलक्षण हातोटी हेच त्यांचे भांडवल होते. या भांडवलावर त्यांनी एकोणिसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी कंपन्यांपैकी एक उभी केली आणि त्याच भांडवलावर फ्रान्समधील लाखो लहान गुंतवणूकदारांची आयुष्यभराची बचत बुडवणारी दुसरी कंपनीही उभी केली.

लेसेप्स यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८०५ रोजी पॅरिसजवळील व्हर्साय येथे झाला. त्यांचे वडील मॅथ्यू द लेसेप्स यांनी नेपोलियनच्या काळात इजिप्तमध्ये फ्रान्सचे प्रतिनिधी म्हणून काम केले होते. काका बार्थेलेमी द लेसेप्स हे ला पेरूझ यांच्या प्रसिद्ध सागरी मोहिमेत दुभाषी होते. १७८७ मध्ये कामचाटका येथे जहाजावरून उतरून, सायबेरिया पार करून मोहिमेची कागदपत्रे त्यांनी फ्रान्सला पोहोचवली. ती जहाजे पुढे समुद्रात नाहीशी झाली आणि त्या तुकडीतील बार्थेलेमी मात्र बचावले. फर्डिनांड यांच्या आई स्पेनमधील मालागा येथील होत्या. त्यांच्या बहिणीची नात युजेनी पुढे तिसऱ्या नेपोलियनशी विवाह करून फ्रान्सची सम्राज्ञी झाली. या नात्याचे महत्त्व पुढील काळात दिसून आले.

पॅरिसमध्ये शिक्षण पूर्ण केल्यानंतर घराण्याच्या परंपरेप्रमाणे तरुण लेसेप्स राजनैतिक सेवेत दाखल झाले. लिस्बन येथे काकांच्या आणि ट्युनिस येथे वडिलांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १८३२ मध्ये त्यांची अलेक्झांड्रिया येथे उपवाणिज्यदूत म्हणून नेमणूक झाली. साथीच्या संशयामुळे त्यांचे जहाज बंदराबाहेर रोखून धरण्यात आले. त्या सक्तीच्या मुक्कामात नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतील अभियंता ल पेर यांनी तयार केलेला अहवाल त्यांनी वाचला. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र कालव्याने जोडण्याचा विचार त्यात मांडला होता. तांबड्या समुद्राची पातळी भूमध्य समुद्रापेक्षा जवळजवळ दहा मीटरने उंच असल्याचा चुकीचा निष्कर्षही त्याच अहवालात होता. पुढील मोजणीत तो खोटा ठरला. परंतु कालव्याची कल्पना लेसेप्स यांच्या मनात कायमची रुजली.

याच काळात इजिप्तचे राज्यकर्ते मोहम्मद अली यांच्या दरबारात लेसेप्स यांचा वावर वाढला. मोहम्मद अलींचा मुलगा सईद अतिशय लठ्ठ होता. त्याचे वजन कमी व्हावे म्हणून वडिलांनी त्याच्या खाण्यावर कडक निर्बंध घातले होते. भुकेला सईद लेसेप्स यांच्या घरी येऊन मॅकरोनीवर ताव मारीत असे, अशी कथा सांगितली जाते. कथेतील तपशील कसाही असो, या दोघांचा स्नेह मात्र खरा होता आणि दोन दशकांनंतर त्यानेच इतिहास घडवला.

बार्सिलोना, माद्रिद अशा ठिकाणी जबाबदारीची पदे सांभाळत लेसेप्स यांची कारकीर्द चढत गेली. १८४९ मध्ये मात्र तिला अनपेक्षित धक्का बसला. रोममध्ये पोपची सत्ता उलथवून प्रजासत्ताकाची स्थापना झाली होती. तेथे तडजोड घडवून आणण्यासाठी फ्रान्सने लेसेप्स यांना पाठवले. त्यांनी प्रजासत्ताकाच्या नेत्यांशी करार केला. पण तोपर्यंत पॅरिसमधील वारे फिरले होते. सरकारने करार नाकारला, फ्रेंच सैन्याने रोमवर हल्ला केला आणि लेसेप्स यांच्यावर अधिकाराबाहेर वागल्याचा ठपका ठेवण्यात आला. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी त्यांची शासकीय सेवा संपुष्टात आली. १८५३ मध्ये पत्नी आणि एक मुलगा यांचे निधन झाले. मध्य फ्रान्समधील ला शेने येथील शेतजमिनीची देखभाल एवढेच काम त्यांच्या हाती उरले.

१८५४ मध्ये इजिप्तमध्ये सत्तांतर झाले आणि सईद गादीवर आल्याची बातमी लेसेप्स यांना समजली. ७ नोव्हेंबर रोजी ते अलेक्झांड्रियात उतरले आणि ३० नोव्हेंबर रोजी त्यांच्या हाती कालव्याचा परवाना होता. अवघ्या तेवीस दिवसांत झालेल्या या निर्णयामागे अभियांत्रिकी आराखड्यापेक्षा जुन्या मैत्रीचा वाटा मोठा होता. कालवा खुला झाल्यापासून ९९ वर्षे तो चालवण्याचा अधिकार कंपनीला मिळणार होता. निव्वळ नफ्यापैकी ७५ टक्के भागधारकांना, १५ टक्के इजिप्त सरकारला आणि १० टक्के संस्थापकांना, अशी वाटणी ठरली.

परवाना मिळाला तरी मार्ग सोपा नव्हता. त्या वेळी इजिप्त नावाने तुर्कस्तानच्या सुलतानाच्या आधिपत्याखाली होता आणि सुलतानावर ब्रिटनचा दबाव होता. भारताकडे जाणारा जवळचा मार्ग एका फ्रेंच कंपनीच्या हाती जाणे ब्रिटिश पंतप्रधान पामरस्टन यांना मान्य नव्हते. प्रख्यात रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांनीही ही योजना अव्यवहार्य ठरवली. लेसेप्स यांनी वादविवाद टाळून थेट जनमताकडे धाव घेतली. ब्रिटनमधील व्यापारी शहरांत त्यांनी सभा घेतल्या, पत्रके वाटली आणि विविध देशांच्या अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय आयोग नेमून योजनेला तांत्रिक मान्यता मिळवली. पॅरिसमध्ये सम्राज्ञी युजेनी यांच्यामुळे सम्राटापर्यंत त्यांचा शब्द पोहोचत होता.

नोव्हेंबर १८५८ मध्ये कंपनीचे चार लाख समभाग प्रत्येकी ५०० फ्रँक दराने विक्रीस काढण्यात आले. मोठ्या सावकारी पेढ्यांचे दलालीचे दर लेसेप्स यांनी नाकारले आणि समभाग थेट जनतेला विकण्याचे ठरवले. फ्रान्समध्ये सुमारे २१ हजार लोकांनी मिळून दोन लाखांहून अधिक समभाग घेतले. त्यांत शिक्षक, अधिकारी, दुकानदार, धर्मगुरू अशा मध्यमवर्गीयांचा भरणा होता. ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया व अमेरिका यांच्यासाठी राखून ठेवलेले समभाग मात्र जवळजवळ तसेच पडून राहिले. हा बोजा अखेर सईद यांनी उचलला आणि त्यांच्या नावावर सुमारे १ लाख ७७ हजार समभाग जमा झाले. इजिप्तच्या तिजोरीवरील कर्जाच्या डोंगराची ही सुरुवात होती.

२५ एप्रिल १८५९ रोजी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर खोदकामाचा आरंभ झाला. सईद यांच्या नावावरून त्या जागी वसलेल्या नव्या बंदराला पोर्ट सईद असे नाव देण्यात आले. आरंभीची काही वर्षे हे काम प्रामुख्याने वेठबिगारीवर चालले. इजिप्तच्या खेड्यांतून दर महिन्याला सुमारे २० हजार शेतकरी सक्तीने आणले जात, तुटपुंज्या मजुरीवर राबवले जात आणि त्यांच्या जागी नवी तुकडी येई. अनेक ठिकाणी हातांनी माती उकरून टोपल्यांतून वाहून नेली जात असे. या कामावर किती माणसे मरण पावली याविषयी एकमत नाही. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांनी हा आकडा १ लाख २० हजार असल्याचे सांगितले होते. कंपनीच्या नोंदींतील आकडे त्याहून फारच कमी आहेत. कालव्याच्या गौरवगाथेत या शेतकऱ्यांना दीर्घकाळ स्थान मिळाले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

१८६३ मध्ये सईद यांचे निधन झाले आणि इस्माईल गादीवर आले. ब्रिटनच्या आग्रहामुळे वेठबिगारीचा प्रश्न ऐरणीवर आला. वाद तिसऱ्या नेपोलियनकडे लवादासाठी सोपवण्यात आला. १८६४ मध्ये दिलेल्या निवाड्यानुसार वेठबिगारी बंद झाली. परंतु मजूर, जमिनी आणि गोड्या पाण्याच्या कालव्यावरील हक्क सोडल्याबद्दल इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक भरपाई द्यावी, असे ठरले. स्वतःच्याच शेतकऱ्यांची सुटका करण्यासाठी इजिप्तला परकीय कंपनीला पैसे मोजावे लागले. त्यानंतर वाफेवर चालणारी, गाळ उपसणारी प्रचंड यंत्रे आणण्यात आली आणि उरलेले बहुतांश खोदकाम त्यांनी पूर्ण केले.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सम्राज्ञी युजेनी यांचे जहाज अग्रभागी ठेवून सुमारे १६४ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून पहिला ताफा निघाला. दोन दिवसांनी लेसेप्स यांना ६४ वर्षे पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात त्यांनी २१ वर्षांच्या लुईझ-हेलेन या तरुणीशी विवाह केला. या विवाहातून त्यांना बारा अपत्ये झाली. काम मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक खर्चात पूर्ण झाले होते. पहिल्या पूर्ण वर्षात, म्हणजे १८७० मध्ये, केवळ ४८६ जहाजे कालव्यातून गेली. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली आणि भागधारकांना काही काळ लाभांश मिळाला नाही. परंतु पाच वर्षांत जहाजांची संख्या सुमारे १,५०० वर गेली आणि कंपनीचे चित्र पालटले.

या बदलाचा मोठा परिणाम भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर झाला. आफ्रिकेला वळसा घालून लंडन ते मुंबई हे अंतर साडेदहा हजार सागरी मैलांहून अधिक होते. सुएझमार्गे ते सव्वासहा हजारांच्या आसपास आले. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातील वारे प्रतिकूल असल्याने या मार्गावर आगबोटींचे वर्चस्व निर्माण झाले. युरोपातून येणाऱ्या प्रवाशाला आणि टपालाला भारताचे पहिले मोठे बंदर म्हणजे मुंबई, हे समीकरण पक्के झाले. कालवा खुला झाल्यानंतर सहा वर्षांत, १८७५ मध्ये, मुंबईत ससून गोदी आणि १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी सुरू झाली. दख्खन व वऱ्हाडातील कापूस रेल्वेने मुंबईत आणि तेथून सुएझमार्गे युरोपात जाऊ लागला. त्याच मार्गाने ब्रिटनचे सैन्य आणि मँचेस्टरचे कापडही अधिक वेगाने भारतात येऊ लागले. १८७३ मध्ये लेसेप्स यांनी रशियातील ओरेनबर्गपासून मध्य आशियामार्गे पेशावरपर्यंत रेल्वे बांधण्याची योजनाही मांडली होती. परंतु ती कागदावरच राहिली.

ज्या ब्रिटनने कालव्याला विरोध केला, त्याच ब्रिटनने १८७५ मध्ये कर्जबाजारी झालेल्या खेदिव इस्माईल यांचे १ लाख ७६ हजार समभाग सुमारे ४० लाख पौंडांना विकत घेतले. १८८० मध्ये इजिप्तने नफ्यातील आपला १५ टक्के हिस्साही विकला. दोन वर्षांनी ब्रिटिश सैन्याने इजिप्तचा ताबा घेतला. कालवा ज्या भूमीतून जात होता, त्या देशाला त्याच्या नफ्यातून मिळणारे उत्पन्न संपले. फ्रान्समधील लहान भागधारकांची मात्र भरभराट झाली. ५०० फ्रँकला घेतलेल्या समभागाची किंमत १८८०च्या दशकाच्या आरंभी २,००० फ्रँकच्या पुढे गेली. लेसेप्स हे नाव फ्रान्समध्ये घराघरांत पोहोचले. त्यांच्यावर विश्वास ठेवणारा बुडत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती.

हीच खात्री पुढील अनर्थाचे मूळ ठरली. मे १८७९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर जोडणाऱ्या कालव्याचा विचार झाला. ७३ वर्षांच्या लेसेप्स यांनी पनामा येथे सुएझप्रमाणेच समुद्रसपाटीवरील कालवा खोदण्याचा आग्रह धरला. फ्रेंच अभियंता गोदँ द लेपिने यांनी त्याला विरोध केला. पनामाची भूमी डोंगराळ असून तेथील शाग्रेस नदीला महापूर येतात. तेव्हा धरण बांधून कृत्रिम सरोवर निर्माण करावे आणि जलपाशांच्या साहाय्याने जहाजे वर चढवून पुन्हा खाली उतरवावीत, असे त्यांनी सुचवले. परिषदेने लेसेप्स यांच्या बाजूने ७४ विरुद्ध ८ असा कौल दिला. अनेक प्रतिनिधी मतदानापासून दूर राहिले. होकार देणाऱ्यांत अभियंत्यांची संख्या अल्प होती.

सुएझ येथे वाळवंट, सपाट भूमी आणि अल्प पाऊस होता. पनामामध्ये घनदाट जंगल, घसरती दरड आणि मुसळधार पाऊस होता. तरीही सुएझचा अनुभव हाच पुरावा मानण्यात आला. परिषदेने १०० कोटी फ्रँकहून अधिक खर्चाचा अंदाज दिला होता. लेसेप्स यांनी तो ६५ कोटी ८० लाखांवर आणला आणि कालावधीही घटवून आठ वर्षांवर आणला. समभागांची पहिली विक्री १८७९ मध्ये फसली. त्यानंतर त्यांनी सुएझच्या वेळी टाळलेला मार्ग स्वीकारला. सावकारी पेढ्यांना दलाली आणि वृत्तपत्रांना अनुकूल मजकुरासाठी पैसे देण्यात आले. डिसेंबर १८८० मध्ये सहा लाख समभाग विक्रीस काढण्यात आले आणि एक लाखाहून अधिक लोकांनी ते विकत घेतले. त्यांतील बहुसंख्यांकडे अगदी थोडे समभाग होते.

१८८१ मध्ये काम सुरू झाले आणि त्यासोबत पीतज्वर व हिवतापाचे थैमानही सुरू झाले. हे रोग डासांमुळे पसरतात, हे तोपर्यंत सिद्ध झाले नव्हते. कंपनीच्या उत्तम रुग्णालयांत मुंग्यांपासून बचावासाठी खाटांच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवली जात आणि त्याच पाण्यात डासांची पैदास होई. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिला. पनामातील मजुरांसाठी तो शोध फार उशिरा लागला. फ्रेंच कंपनीच्या काळात सुमारे २२ हजार लोक मरण पावले, असा अंदाज आहे. त्यांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांची संख्या सर्वाधिक होती. कामाचे प्रमुख ज्यूल डँगलर यांनी मुलगी, मुलगा आणि पत्नी यांना तेथेच गमावले.

या बातम्या फ्रान्समध्ये पूर्णपणे पोहोचल्या नाहीत. कंपनीच्या मुखपत्रातून प्रगतीचे वृत्तांत प्रसिद्ध होत राहिले आणि जुनी देणी भागवण्यासाठी नवी कर्जे उभारली जात राहिली. कुलेब्रा येथील डोंगर जितका खोदावा तितकी दरड पुन्हा खाली येत होती. अखेर १८८७ मध्ये लेसेप्स यांनी माघार घेतली आणि जलपाशांचे काम गुस्ताव्ह आयफेल यांच्याकडे सोपवले. आठ वर्षांपूर्वी लेपिने यांनी सुचवलेल्या मार्गाकडे वळण्यास फार उशीर झाला होता. पैसा उभारण्यासाठी संसदेकडून खास कायदा संमत करून घेऊन १८८८ मध्ये लॉटरी-रोखे काढण्यात आले. परंतु अपेक्षेइतकी विक्री झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने देणी थांबवली आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये न्यायालयाने ती विसर्जित केली. सुमारे आठ लाख लोकांचे शंभर कोटी फ्रँकहून अधिक पैसे बुडाले, असे मानले जाते. वृद्धापकाळासाठी, मुलीच्या विवाहासाठी अथवा शेतीसाठी राखलेली ही रक्कम होती.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. लॉटरी-रोख्यांचा कायदा संमत व्हावा म्हणून अनेक संसद सदस्यांना लाच देण्यात आल्याचे १८९२ मध्ये उघडकीस आले. मध्यस्थ बॅरन जॅक द रेनाक यांचा संशयास्पद मृत्यू झाला. सार्वजनिक बांधकाम विभागाचे माजी मंत्री शार्ल बायओ यांनी लाच घेतल्याची कबुली दिली व त्यांना कारावास झाला. मध्यस्थांपैकी काही जण ज्यू असल्याचे निमित्त करून एदुआर द्रुमाँ यांच्या वृत्तपत्राने ज्यूद्वेष पसरवला. पुढे १८९४ मध्ये सुरू झालेल्या ड्रेफस प्रकरणाची भूमी अशा वातावरणात तयार झाली.

फेब्रुवारी १८९३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने फर्डिनांड द लेसेप्स आणि त्यांचे पुत्र शार्ल यांना फसवणुकीबद्दल प्रत्येकी पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. आयफेल यांनाही दोन वर्षांची शिक्षा झाली. काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर ही शिक्षा रद्द केली. पनामाच्या साहसाला आरंभी शार्ल यांचा विरोध होता. तरीही वडिलांची साथ त्यांनी सोडली नाही आणि तुरुंगवास मात्र त्यांनाच भोगावा लागला. ८७ वर्षांचे लेसेप्स त्या वेळी ला शेने येथे अंथरुणाला खिळलेले होते. घडणाऱ्या घटनांची पूर्ण जाणीव त्यांना राहिली नव्हती. ७ डिसेंबर १८९४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

लेसेप्स यांच्या पश्चात दोन्ही कालव्यांचा इतिहास पुढे चालू राहिला. पनामाचे काम अमेरिकेने १९०४ मध्ये हाती घेतले, डासांचा बंदोबस्त केला आणि धरण, सरोवर व जलपाश यांच्या साहाय्याने १९१४ मध्ये कालवा खुला केला. लेपिने यांच्या कल्पनेशी जुळणारीच ही रचना होती. पोर्ट सईद येथे १८९९ मध्ये लेसेप्स यांचा भव्य पुतळा उभारण्यात आला होता. २६ जुलै १९५६ रोजी अलेक्झांड्रियातील भाषणात नासर यांनी लेसेप्स हे नाव उच्चारताच, आधी ठरलेल्या संकेतानुसार त्यांच्या अधिकाऱ्यांनी कालवा कंपनीची कार्यालये ताब्यात घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ब्रिटन आणि फ्रान्सचे सैन्य मागे गेल्यानंतर, तो पुतळा सुरुंगाने खाली पाडण्यात आला.

लेसेप्स यांनी पनामातून स्वतःसाठी संपत्ती जमवल्याचे सिद्ध झाले नाही. त्यांचा दोष वेगळा होता. तज्ज्ञांचा विरोध मोडून काढला म्हणून सुएझ घडले, या अनुभवातून त्यांनी तज्ज्ञांचा विरोध नेहमीच चुकीचा असतो, असा अर्थ काढला. त्यांचे नाव हीच गुंतवणुकीची हमी आहे, असे मानणाऱ्यांनी ताळेबंद तपासला नाही आणि तो तपासावा असे त्यांना सांगणाऱ्या वृत्तपत्रांनी आपले मौन विकले होते. सुएझचा कालवा आजही जगाच्या व्यापाराचा प्रमुख मार्ग आहे. पनामात बुडालेल्या पैशातून मात्र मूळ गुंतवणूकदारांच्या हाती नगण्य रक्कम परत आली.